तिच्या वडिलांची पदकं

माझी मुलगी तेव्हा इयर टेनमध्ये होती, म्हणजे आपल्याकडची नववी-दहावी. दुसरं महायुद्ध संपून साठ वर्षं झाली म्हणून त्या वर्षी टीव्हीवर, लायब्ररीत, चर्चच्या आवारात, जिकडंतिकडं युद्धच चाललं होतं. मी लंडनच्या ईलिंग भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात काम करायचे, तिथं फ्रेम बघायला आलेल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा बॉम्ब पडायचे तेव्हा आपण कुठल्या जिन्याखाली बसायचो ते सांगायच्या. मी हसून ऐकायचे आणि त्यांच्या नाकावर फ्रेम नीट बसवायचे.

एका संध्याकाळी मुलगी शाळेतून आली, बॅग जिन्यावर टाकली आणि म्हणाली, "मम, आम्हाला हिस्टरीचा कोर्सवर्क मिळाला. इंडियाबद्दल आहे!"

प्रश्न असा होता, की युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानला राजकीय सवलती का देऊ केल्या, आणि लोकांनी त्यांचं काय केलं. शक्य असेल तर घरातल्या किंवा ओळखीच्या एखाद्या माणसाची हकिगत घ्यावी, असंही टीचरनं सांगितलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी गॅस बंद करून तिच्यासमोर येऊन बसले. हा प्रश्न जणू माझ्या वडिलांसाठीच काढला होता. बेचाळीस साली ते नागपूरला कॉलेजात होते. लंडनहून एक मंत्री प्रस्ताव घेऊन आला होता: आत्ता लढाईत साथ द्या, लढाई संपली की तुमचं राज्य तुम्ही चालवा. पुढाऱ्यांनी तो धुडकावला, ऑगस्टमध्ये 'चले जाव' सुरू झालं, आणि माझे वडील कॉलेजच्या पायऱ्यांवर उभे राहून 'आत्ता द्या, नाहीतर चालते व्हा' असं ओरडले. पोलिसांनी त्यांना तिथूनच उचललं. वर्षभराहून जास्त तुरुंगात काढलं त्यांनी. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी त्यांना ताम्रपट मिळाला, तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची होते. तो ताम्रपट हातात धरलेला त्यांचा फोटो माझ्या ईलिंगच्या बैठकीत टीव्हीच्या वर लावलेला आहे. मुलगी दोन वर्षांची असताना ते गेले. तिला त्यांची काहीच आठवण नाही, पण गोष्ट तिनं माझ्याकडून पुष्कळ वेळा ऐकली होती.

"मग झालंच की तुझं," मी म्हटलं. "आजोबांवर लिही."

"ओके," ती म्हणाली.

मी फोटो खाली काढून पुसूनसुद्धा ठेवला.

इथं मला माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. मी लग्न होऊन इथं आले, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात २०७ नंबरच्या बसच्या स्टॉपवर एक बाई स्वतःशीच मराठीत बसला शिव्या देत उभी होती. मी मोठ्यानं हसले. तिनं वळून पाहिलं आणि आमची मैत्री झाली. ती कल्याणच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, इथं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. माझं बाळंतपण तिनं केलं म्हटलं तरी चालेल. नवरा ब्रॅकनेलला आयटीत, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, मुलीची पहिली आंघोळ, सगळं तिनं पाहिलं. आम्ही ब्राह्मण, ती बौद्ध. हे आम्हा दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि इतक्या वर्षांत आम्ही ते एकदाही उच्चारलं नव्हतं. इथं त्याची गरज काय, असं मी मनात म्हणायचे. ती काय म्हणायची मला माहीत नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

तिची आई वारल्यावर तिनं वडिलांना इथं आणलं होतं. मी त्यांना काका म्हणायचे. ऐंशी ओलांडलेले, उंच, मिशांना रोज तेल लावणारे, दुपारभर टीव्हीवर स्नूकर बघत खेळणाऱ्यांना सूचना देणारे. रेल्वेतून रिटायर झालेत एवढंच मला ठाऊक होतं.

कोर्सवर्क मिळालं त्याच आठवड्यात मुलगी माझ्या मैत्रिणीकडं प्रेशर कुकर परत द्यायला गेली आणि दोन तासांनी आली. गाल लाल झालेले.

"मम, तू मला सांगितला का नाही? आजोबा वॉरमध्ये होते! बर्मामध्ये! त्यांच्याकडे मेडल्स आहे, बिस्किटच्या डब्यात!"

'आजोबा' म्हणजे काका हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मैत्रिणीच्या वडिलांना ती लहानपणापासून आजोबाच म्हणायची, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र वाटलं.

मग दर शनिवारी ती तिकडं जायला लागली. माझ्याकडं फिश फिंगर्सशिवाय कशाला हात न लावणारी मुलगी तिथं भाकरी आणि सुकट खाऊन यायची आणि तिच्या स्वेटरला तो वास यायचा. काकांनी तिला बूट कसे चमकवायचे ते शिकवलं. तिनं शाळेचे बूट आणून आमच्या किचनमध्ये बसून कापसाच्या बोळ्यानं गोल गोल घासले आणि तोंड दिसेपर्यंत थांबली नाही. तिची मराठी सुधारली, पण माझी नाही, काकांची मराठी. 'नाही'च्या जागी 'न्हाई' म्हणायची. मी टोकलं तर म्हणाली, "आजोबा असंच म्हणतात."

नवरा हसला. "निदान मराठी बोलतेय. तुला आणखी काय हवं?"

मला काय हवं होतं ते मी त्याला सांगू शकत नव्हते. पुसून ठेवलेला फोटो मी परत टीव्हीच्या वर लावला. माझ्या वडिलांवर तिनं एक ओळ लिहिली नव्हती. एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. दुकानात चष्मे लावताना माझ्या मनात हिशेब चालायचा: लोक आत्ता देश मागत होते तेव्हा हे गृहस्थ सरकारचा पगार घेत होते, आणि माझी मुलगी त्यांच्या पायाशी बसून बूट घासतेय. असा विचार आला की मला स्वतःचीच लाज वाटायची आणि पुढच्या शनिवारी तोच विचार जास्त जोरानं यायचा. मैत्रिणीचा मला त्याहून जास्त मत्सर वाटायचा. तिचे वडील होते. खुर्चीत बसून, मोठ्यानं घसा साफ करत, स्नूकरवाल्याला गाढव म्हणत होते. माझ्याकडं एक फोटो होता.

एका शनिवारी मुलीला आणायला मी मुद्दाम लवकर गेले. मैत्रीण ड्यूटीवर होती. काका खुर्चीत, मुलगी गालिच्यावर टेपरेकॉर्डर घेऊन. मला बघून काका म्हणाले, "या बाई, बसा. तुमची पोर लई प्रश्न विचारते."

मुलीनं विचारलं, "आजोबा, गव्हर्नमेंटनं तुम्हाला काय ऑफर केला होता?"

काका माझ्याकडं बघून मग तिच्याकडं वळले. "आमच्या लोकांना फौज बंद होती. कित्येक वर्षं. खालच्या जातीचे लढणारे नाहीत म्हणायचे. मग पहिली लढाई आली, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा म्हणाले, या. आमची पलटण उभी केली. माझा बाप भरती झाला त्यात. लढाई संपली, पलटण मोडली. घरी जा म्हणाले. बाप परत गावात येऊन मेलेली जनावरं ओढायला लागला. मग दुसरी लढाई आली. पुन्हा माणसं कमी पडली. पुन्हा दार उघडलं. आमचे साहेब, आमचे पुढारी, त्यांनी सांगितलं, आत शिरा. मी शिरलो."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पण काका, एकदा फसवलं होतं ना त्यांनी? तुम्हाला दिसत होतं की गरज आहे म्हणून बोलावतायत. गरज सरली की परत हाकलतील."

"दिसत होतं की."

"तरी गेलात?"

"तुमच्या वडिलांना सरकार म्हणालं, लढाई झाल्यावर राज्य देतो. आम्हाला बूट दिले. त्याच दिवशी, मापाचे." त्यांनी पाय पुढं केले, जणू ते बूट अजून पायात होते. "पहिल्या रजेला ते घालून मी गावात वरच्या आळीतनं चाललो. तिथनं आम्हाला चपला हातात घेऊन जावं लागायचं. ओट्यावर बसलेल्या कोणी एक शब्द काढला नाही. बुटाला घाबरले का टोपीला, देव जाणे. बूट काढून घेतीलही नंतर. पण पायात आहेत तोवर चालून घ्यावं."

मुलगी टेपकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तसं तिनं माझ्याकडं कधी बघितल्याचं मला आठवेना.

"माझ्या वडिलांनी सरकारकडून काही घेतलं नाही," मी म्हटलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा धारदार निघाला.

"ठाऊक आहे," काका शांतपणे म्हणाले. "मोठी गोष्ट आहे ती." आणि चहा करू का म्हणून उठायला लागले. मला आतून एक भीती होती, की ते विचारतील, तुमच्या नागपूरच्या घरी तेव्हा आमच्या माणसाला पाणी कुठं उभं करून देत? त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

जूनमध्ये आमच्या जवळच्या छोट्या लायब्ररीनं प्रदर्शन ठरवलं. आपल्या भागातले लोक आणि युद्ध. मुलीच्या टीचरनं काकांचं नाव कळवलं. त्यांचा तरुणपणीचा फोटो मोठा करून लावणार, पदकं काचेच्या पेटीत ठेवणार, आणि उद्घाटनाला मुलगी तिच्या निबंधातला भाग वाचणार असं ठरलं. हे मला मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. तिचा आवाज इतका हलका झाला होता की ओळखू येत नव्हता. मी "अगं, किती छान" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कणीक इतकी जोरात मळली की पोळ्या वातड झाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वडिलांचा फोटो पिशवीत घालून लायब्ररीत गेले. तिथली मुख्य बाई गोड होती, गळ्यात चष्म्याची साखळी. मी तिला म्हटलं, "माझे वडीलही त्या काळातले. बेचाळीस साली ते तुरुंगात होते."

तिचा चेहरा पडला. "ओह. आय ॲम सो सॉरी," ती हळूच म्हणाली आणि आजूबाजूला बघितलं. तिला वाटलं मी घरातली काहीतरी दुःखद गोष्ट सांगतेय. मी घाईघाईनं सगळं समजावलं. कशासाठी तुरुंग, कोणी टाकलं, का. कोणी टाकलं हे सांगताना मला तिच्याकडं बघणं जड गेलं आणि तिलाही माझ्याकडं. शेवटी ती म्हणाली, की हे फारच इंटरेस्टिंग आहे, पण यंदाचा भर ज्यांनी सैन्यात सेवा केली त्यांच्यावर आहे, पॅनेल छापायला गेलीत, आणि माझ्या वडिलांची गोष्ट हे प्रदर्शन संपलं की आपण नक्की बघू. कदाचित पुढच्या वर्षी.

संपलं की बघू! मी रस्त्यावर येऊन एकटीच हसले. मग बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले तेव्हा मला रडू आलं.

उद्घाटनाला नवरा आला, मी आले, शाळेतली मुलं, दोन-चार म्हातारे इंग्रज, कौन्सिलचे एक गृहस्थ गळ्यात पदाची साखळी घालून. सामोसे होते, काकडीची सँडविचेस होती. काकांना पुढं मधोमध खुर्ची दिली होती. कोट, टाय, छातीवर पदकं. पेटीत ठेवायला त्यांनी ऐन वेळी नकार दिला होता. मुलगी उभी राहिली आणि तिनं बुटांची गोष्ट वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वडिलांचं नाव नव्हतं, 'इतर अनेकांनी हा प्रस्ताव नाकारला आणि ते तुरुंगात गेले' एवढंच वाक्य होतं. इतर अनेकांनी. मी नवऱ्याकडं बघितलं, तो डोळे पुसत होता.

मग साखळीवाल्या गृहस्थांनी काकांचा हात हातात घेऊन भाषण केलं. हिंदुस्थानी सैनिकांची निष्ठा, लॉयल्टी, हा शब्द त्यांनी बऱ्याचदा वापरला. काका मान तिरकी करून ऐकत होते. भाषण संपल्यावर ते काठी टेकून उभे राहिले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "सर, मी लॉयल नव्हतो. मी नोकरीत होतो."

मग मागच्या एका म्हाताऱ्या इंग्रजानं, त्याच्याही छातीवर पदकं होती, खो खो हसून टाळी वाजवली, "सो वॉज आय!" आणि सगळा हॉल हसायला लागला. माझी मुलगी इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं.

मी हसले नाही. मला वाटलं, हे वाक्य माझ्या वडिलांनी म्हणायला हवं होतं. म्हणजे हेच नाही, पण त्यांचं असं काहीतरी, इथं, यांच्या तोंडावर. सगळं आयुष्य त्यांनी इंग्रजांना उत्तर देण्यात घालवलं आणि एकही इंग्रज समोर बसून ऐकायला नव्हता. आणि ज्यांनी पगार घेतला त्यांना खुर्ची, सामोसा आणि टाळ्या.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या कार पार्कमध्ये मैत्रीण मला मिठी मारायला आली. मी अंग चोरलं. ती थबकली.

"काय झालं?"

"काही नाही. छान झालं. तुझे बाबा हिरो झाले."

"हे असं काय बोलतेस?"

मी बोलून गेले. "नाही, खरंच. गंमत वाटते मला. जे विरोधात उभे राहिले ते 'इतर अनेक', आणि जे त्यांच्या बाजूनं लढले त्यांना साहेब येऊन शेकहँड करतो. माझे बाबा असते तर…"

"तुझे बाबा?" तिचा आवाज खाली गेला. ती चिडली की ओरडत नाही, हळू बोलते. "तुझ्या बाबांना दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या स्टेजवर खुर्ची असायची. तूच सांगितलंयस मला. तू पहिल्या रांगेत रिबिन बांधून बसायचीस. तुझ्या घरात ताम्रपट होता. माझे बाबा आमच्या कॉलनीच्या झेंडावंदनाला सगळ्यात मागं उभे राहायचे. पदकं लावून गेले एकदा, तर तिथला एक जण म्हणाला, इंग्रजांचे चमचे. परत त्यांनी ती कधी लावली नाहीत. डब्यात गेली. मी लहानपणी देवाला, बुद्धाला, ज्याला त्याला म्हणायचे, माझ्या बाबांना पण जेलमध्ये टाकलं असतं तर किती बरं झालं असतं." तिनं गाडीचं दार उघडलं. "साठ वर्षांनी कोणीतरी त्यांना खुर्ची दिली. एक संध्याकाळ. ती पण तुला बघवली नाही."

काका आधीच गाडीत बसले होते. काच खाली होती. त्यांनी ऐकलं असणार.

नंतर कित्येक आठवडे आम्ही बोललो नाही. मुलगी जात राहिली, मी अडवलं नाही. तेवढी अक्कल होती. दुकानात मी मैत्रिणीचं वाक्य मनात उलटसुलट करायचे. ती रिबिनवाली मुलगी मी होते हे खरंच होतं. पण मला माझाही राग सोडवत नव्हता. एखाद्याचं दुःख ऐकलं म्हणून आपली जळजळ थांबत नाही, उलट आता तिला तोंड लपवून बसावं लागतं एवढंच. मैत्रिणीला माझा हेवा वाटायचा हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, याचाही मला एक विचित्र राग आला. तिनं तो किती व्यवस्थित सांभाळला होता.

ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी दारावरची बेल वाजली. काका. एकटे, बसनं आलेले, कोट घालून.

"तुमच्या वडिलांचा फोटो बघायचा राहिला होता," ते म्हणाले.

मी त्यांना आत घेतलं. ते टीव्हीसमोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. "नागपूरचे ना?" त्यांनी विचारलं. "मी तेव्हा कामठीला होतो. नवा रिक्रूट. ऑगस्टात गडबड झाली तेव्हा आम्हाला रेल्वेच्या पुलावर पहाऱ्याला लावलं. पोरं रूळ उखडतील म्हणून."

मुलगी जिन्यावरून खाली येता येता थांबली. कामठी नागपूरपासून किती जवळ आहे हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"एक गाडी आली, पुलाच्या तोंडाशी सिग्नलला थांबली. एका डब्यात पकडलेली कॉलेजची पोरं. मला बघून घोषणा द्यायला लागली. एक जण थुंकला. माझ्याएवढाच होता. मी बंदूक धरून उभा."

माझे वडील त्या गाडीत असणं शक्य नव्हतं, त्यांना नागपुरातच ठेवलं होतं. पण त्या क्षणी मला ते खिडकीत दिसले.

मुलीनं विचारलं, "आजोबा, ऑर्डर दिली असती तर तुम्ही शूट केला असता? माझे दुसरे आजोबांना?"

मी तिला गप्प करायला तोंड उघडलं. काकांनी हात वर केला.

"केलं असतं," ते म्हणाले. "खोटं का सांगू. शिपाई होतो. हुकूम आला नाही, माझं नशीब." ते खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, "त्या पोराचा मला राग नाही आला थुंकला त्याचा. मला वाटलं, याला लंडनहून माणूस पाठवून विचारलं, राज्य घेता का? आणि हा नाही म्हणाला. नाही म्हणायला आधी कोणीतरी विचारावं लागतं. आम्हाला कोणी विचारलं होतं?"

मी चहा ठेवला, पोहे केले, आणि त्यांनी पोह्यांत मीठ कमी असल्याचं स्पष्ट सांगितलं.

मैत्रीण त्यांना न्यायला आली तेव्हा दारातच उभी राहिली. "बाबा, चला. गाडी डबल यलोवर लावलीय, नो पार्किंगला."

"आत ये," मी म्हटलं.

"दंडाचं तिकीट लागेल."

"लागू दे. अर्धं मी भरते."

ती आत आली. बूट काढले, स्वयंपाकघरात गेली, माझ्या डब्यातून न विचारता साखर घेतली आणि चहा परत उकळायला ठेवला. आम्ही त्या संध्याकाळबद्दल बोललो नाही, पण तिनं माझ्याकडं बघून "पोहे बेचव झालेत" म्हटलं तेव्हा मला कळलं की निभावलं. तिकीट लागलंच.

शाळा सुरू झाल्यावर मुलीनं मला निबंधाचा पक्का मसुदा वाचायला दिला. माझे वडील आता त्यात होते, पण काकांची चार पानं आणि वडिलांचं अर्धं. माझ्या वडिलांचं एवढंच का, असं मी न राहवून बोलले.

"मम," ती म्हणाली, "ते जिवंत आहे. मी त्यांना काही विचारलं तर ते सांगतात. तुझी गोष्ट नेहमी सेमच आहे. पायऱ्यांवर ओरडले, मग जेल, मग ताम्रपट. ते घाबरले होते का? बाहेर आल्यावर काय झाला? तुला माहितेय?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. म्हणून त्या रविवारी आम्ही दोघींनी नागपूरला माझ्या आईला फोन लावला, स्पीकरवर. आई तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढं, ऐकायला जरा कमी.

"घाबरले होते का?" आई म्हणाली. "घाबरले असतील, ते नाही बोलायचे. बाहेर आल्यावर मात्र फार वाईट गेलं बाप्पा त्यांना. वर्ष बुडलं. बरोबरचे पास होऊन गेले. त्यांचा एक जिवलग मित्र होता, तो नाही गेला जेलमध्ये. मिलिटरीच्या सप्लाय ऑफिसात लागला कामठीला, लढाईमुळं भरती जोरात होती. नवी कोरी सायकल घेतली त्यानं. ह्यांच्या दारावरून रोज घंटी वाजवत जायचा. ह्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. आमच्या लग्नातसुद्धा बोलावलं नाही. म्हातारपणीही सायकलची घंटी ऐकली की त्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं."

मी फोनकडं बघत राहिले. टीव्हीच्या वरून वडील ताम्रपट धरून बघत होते. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं, मला फक्त पायऱ्या आणि ताम्रपट. आणि आता त्यावरूनही मला हेवा वाटला, माझ्या स्वतःच्या आईचा.

मुलगी भराभर लिहीत होती. मध्येच मान वर करून म्हणाली, "आजी, सायकल कुठल्या कलरची होती?"

"हिरवी," आई लगेच म्हणाली. "ते नेहमी म्हणायचे, हिरवीगार होती."